ॲल्युमिनियम प्रोफाइलचा फिशटँक स्टँड: आठ महिन्यांनंतर

चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टँकमध्ये सुमारे २४० लिटर पाणी मावते. काच, वाळू आणि दगड धरले की स्टँडवरचा भार ३०० किलोच्या पुढे जातो. लाकडी स्टँड पाण्याने फुगल्यावर मी मापात कापून मिळणाऱ्या, खाचा असलेल्या ॲल्युमिनियम प्रोफाइलचा, म्हणजे लांब पट्ट्यांचा, संच मागवला. आठ महिन्यांच्या वापरानंतर मालाविषयी माझे मत चांगले आहे, संचासोबत आलेल्या आराखड्याविषयी नाही.

त्या आराखड्यात ४० बाय ४० मिलिमीटरच्या आडव्या पट्ट्या दोन खांबांच्या मध्ये धरून कोपऱ्यातल्या ब्रॅकेटवर टांगल्या होत्या, म्हणजे सगळा भार टी-नट (प्रोफाइलच्या खाचेत अडकणारा, बोल्ट ज्यात आवळतो तो नट) आणि बोल्ट यांच्या पकडीवर येणार होता. वजन थेट खांबाच्या माथ्यावर उतरले पाहिजे आणि ब्रॅकेटने सांधा फक्त जागेवर धरावा, एवढी साधी गोष्ट आराखडा काढणाऱ्याच्या लक्षात कशी आली नाही, हे कोडेच आहे. शिवाय ॲल्युमिनियम पोलादाच्या जेमतेम एक तृतीयांश ताठ असल्यामुळे चार फुटांच्या अंतरात तेवढी पट्टी वाकलीच असती. म्हणून वरच्या दोन लांब पट्ट्या मी ४० बाय ८० च्या घेतल्या आणि ८० ची बाजू उभी धरून खांबांच्या माथ्यावर बसवल्या. टँक भरल्यावर पट्टीखाली दोरा ताणून पाहिला, तेव्हा मध्यभागी झोळ एक मिलिमीटरही भरला नाही.

खांबांपैकी एक दीड मिलिमीटर आखूड निघाला. विक्रेत्याने तो बदलून दिला नाही, आणि उंची जुळवता येणाऱ्या पायांमुळेच माझी वेळ निभावली. टी-नट बसवताना मात्र घाई करू नये: बोल्ट घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण नट खाचेत पूर्ण आडवा वळलेला नसतो. माझे दोन नट असेच फसले होते, ब्रॅकेट हाताने हलवून पाहिल्यावरच ते कळले. शेवटचा पीळ देण्याआधी चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून सारखे करावेत. मागच्या बाजूला प्लायवूड ठोकेपर्यंत स्टँड बाजूला डुलत होता, ते लावताच डुलणे थांबले.

पाणी सांडते, मी पुसून घेतो, ॲनोडाइज केलेल्या (विजेच्या प्रक्रियेने संरक्षक थर चढवलेल्या) पृष्ठभागावर अजून डाग नाही. संचातले साधे पोलादी बोल्ट मात्र दोन ठिकाणी तांबूस झाले आहेत, आणि खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणाऱ्यांनी ते सुरुवातीलाच बदलून स्टेनलेसचे घ्यावेत.