रजिस्टरे ‘संगणकात घालून देणाऱ्या’ माणसापासून सांभाळा

फोंड्यात गेली 14 वर्षे मी कुत्र्यामांजरांचा दवाखाना चालवतो आहे, आणि नोंदींचे सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका गोडबोल्याने मला 29,220 रुपयांना फसवले हे लिहिताना मला लाज वाटते. तरीही लिहितो, कारण उद्या तो म्हापशात किंवा मडगावात कुणाच्या तरी टेबलासमोर बसेल.

मोफत प्रात्यक्षिक, ‘फक्त आजची’ सवलत आणि मग यूपीआयचा कोड, ही चाल सर्वांच्या परिचयाची आहे. सॉफ्टवेअरचे 18,000, जुनी रजिस्टरे स्कॅन करण्याचे 6,500 आणि वर्षभराच्या देखभालीचे जीएसटीसह 4,720 रुपये त्याने घेतले. मी हावेपोटी फसलो नाही. इथल्या पावसाळ्यात रजिस्टराची पाने एकमेकांना चिकटतात, लशीच्या कुपीवरून काढून लावलेले लेबल सुटून पडते आणि त्याबरोबर बॅच क्रमांकही जातो, हे ज्याने सोसले आहे त्याला माझी निकड कळेल.

प्रात्यक्षिकात त्याने एका लॅब्राडॉरचे पान उघडले. मायक्रोचिपच्या, म्हणजे ओळखीसाठी कुत्र्याच्या कातडीखाली बसवतात त्या चिपच्या, रकान्यात 12 आकडे होते. चिपचा क्रमांक 15 आकडी असतो आणि तो मी स्वतः स्कॅनर फिरवून वाचत आलो आहे. मी तसे बोललोही. “डॉक्टर, तो नुसता नमुना आहे,” असे म्हणून तो हसला, आणि मीही हसलो! पशुवैद्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला चिपचे आकडे ठाऊक नसतील, तर ते त्याने बनवलेलेच नाही, एवढे मला तिथेच कळायला हवे होते. आत पार्वो या विषाणूच्या आजाराने ग्रासलेले पिल्लू सलाइनवर होते आणि माझे अर्धे लक्ष तिकडे होते, हे खरे. पण पैसे पाठवताना मात्र माझे लक्ष पूर्ण होते. पावतीवरचा जीएसटी क्रमांक 27 ने, म्हणजे महाराष्ट्राच्या संकेतांकाने सुरू होत होता आणि कार्यालय पणजीचे सांगितले होते. गोव्याचा संकेतांक 30 आहे; तेवढे तरी पाहत जा.

पाच रजिस्टरे घेऊन तो गेला आणि त्याचा फोन बंद झाला. आठवड्याभरात माझ्या ग्राहकांना ‘लशीची तारीख आली, 499 रुपये आगाऊ भरा’ असे संदेश येऊ लागले, कारण रजिस्टरात त्यांचे मोबाइल क्रमांक होते. तिघांनी पैसे भरले. ते 1,497 रुपये मी माझ्या खिशातून परत केले.

ठाण्यावर सांगितले गेले, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्ही स्वतःहून दिलेत, हा व्यवहारातला वाद आहे. बँकेने अर्ज घेतला आणि पोच देण्यासाठी चार खेपा घालायला लावल्या. एका साहेबांनी तर ‘कुत्र्यांचीच रजिस्टरे ना?’ असे विचारले. ज्या राज्याला 2021 साली रेबीज-नियंत्रित जाहीर केले गेले, तिथे रेबीजच्या लशीच्या नोंदी चोरीला जाणे हा कुणाला गुन्हाच वाटत नाही! ग्राहक आयोगात ‘व्यावसायिक खरेदी’ म्हणून तक्रार टिकणार नाही, असेही मला ऐकवण्यात आले. वास्तविक 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्याने त्यासाठी केलेली खरेदी ‘व्यावसायिक’ मानत नाही. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 हा क्रमांक मी नवव्या दिवशी लावला. तुम्ही त्याच तासाला लावा.

मूळ रजिस्टर दवाखान्याबाहेर देऊ नका; स्कॅन करायचे असेल तर तुमच्या डोळ्यांसमोर करू द्या. ग्राहकांच्या हातातल्या कार्डावर लेबल चिकटवत जा. मी सध्या त्या कार्डांवरूनच नोंदी पुन्हा उतरवतो आहे, आणि ज्यांचे कार्ड हरवले आहे त्यांच्या कुत्र्यांना रेबीजची लस माझ्या खर्चाने पुन्हा टोचतो आहे.