44,100 रुपयांचा 'डॉ.'

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, आमच्या घरात सगळ्यांचं हसून झालंय. पण मी पदवी विकत घ्यायला गेलो नव्हतो हो. मला फोन आला, की सर तुम्ही 27 वर्षं टायपिंग इन्स्टिट्यूट चालवताय, गरजू मुलांना निम्म्या फीत शिकवताय, आमच्या अमेरिकन युनिव्हर्सिटीच्या कमिटीने तुमचं नाव मानद डॉक्टरेटसाठी काढलंय. आता निम्म्या फीत शिकवतो हे खरंच आहे, त्यामुळे वाटलं चला, कुणाच्या तरी नजरेत आलं. माझ्याच फेसबुकवरून उचललेली माहिती होती ती, पण हे डोक्यात यायला दोन वर्षं लागली.

पुढचं तुम्हाला माहीत असेलच. पदवी फुकट, 'खर्च' तेवढा आपला. रजिस्ट्रेशन 2,100, प्रोसेसिंग 24,500, अपोस्टिल म्हणजे कागदावरचा सरकारी शिक्का 11,000, गाऊनचं भाडं 1,500, फोटो-व्हिडिओ 3,200, आणि बायको-मुलीच्या जेवणाचे पास प्रत्येकी 900. एकूण 44,100. सगळे पैसे कुणा बाईंच्या सेव्हिंग खात्यावर यूपीआयने. युनिव्हर्सिटीची फी बाईंच्या खात्यावर कशी, हे हिने तेव्हाच विचारलं होतं. मी म्हणलं तुला यातलं काय कळतं.

तो फोनवाला माणूस बोलायला मात्र असला पक्का! म्हणे इटलीत साधा ग्रॅज्युएट झाला तरी 'डोत्तोरे' म्हणतात, आणि बेंजामिन फ्रँकलिन कॉलेजात शिकलेला नसून जन्मभर डॉक्टर फ्रँकलिन, 1759 ला सेंट अँड्र्यूजने मानद दिली होती म्हणून. मी घरी येऊन शोधलं तर दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या, आणि तिथेच गेलो मी. त्याची उदाहरणं तपासली, त्याची युनिव्हर्सिटी नाही तपासली.

पुण्याबाहेर हायवेवरच्या हॉटेलात दुपारी 3 चा सोहळा. गाऊन अंगात घातला तर पाठीला ओला लागला. म्हणलं धुवून नीट वाळवला नसेल. तो घाम होता, सकाळच्या बॅचचा!! डॉक्टरेटची बॅच असते का कधी? आमच्या बॅचला 64 जण, एक ब्युटी पार्लरवाल्या ताई, एक माजी नगरसेवक, एक प्लॉटिंगवाला, आणि प्रत्येकासाठी माइकवर तेच वाक्य, समाजासाठी अतुलनीय योगदान. तिथून उठून यायला पाहिजे होतं. पण मुलगी मोबाइल धरून उभी होती, मी टोपी सरळ केली आणि हसलो. तो ओला गाऊन अजून आठवतो मला, रात्री मधेच जाग आली की हमखास.

मग पाटी बदलली, व्हिजिटिंग कार्डं छापली, आणि गेल्या वर्षी मुलीच्या लग्नाच्या 350 पत्रिकांवर नावाआधी 'डॉ.'. व्याह्यांचे थोरले भाऊ निवृत्त प्राध्यापक. पत्रिका हातात घेऊन त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, "अरे वा, विषय कोणता होता? गाइड कोण?" मी म्हणालो मानद आहे. ते "हो का" एवढंच म्हणाले आणि चहाचा कप उचलला. एवढा अपमान शिव्या खाऊनसुद्धा होत नाही.

नंतर भाच्याला फोन केला, तो जर्मनीत श्टुटगार्टला असतो. म्हणाला मामा, इकडे असलं विकतचं 'डॉ.' लावलंस तर क्रिमिनल केस होते, कलम 132ए, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. 2011 ला तिथल्या संरक्षणमंत्र्याने प्रबंधात चोरलेला मजकूर सापडला म्हणून डॉक्टरेट घालवली आणि मंत्रिपदही. आणि आपल्याकडे? यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा 1956 चा कायदा काढून वाचला. ज्यांना अधिकार नाही त्यांनी पदवी वाटली तर शिक्षा काय, तर 1,000 रुपयांपर्यंत दंड. एक हजार! माझ्या गाऊनचं भाडं त्याच्या दीडपट होतं.

अपोस्टिलचं पण ऐका, कारण मी सगळ्यांना तेच दाखवत फिरायचो, अमेरिकन सरकारचा सोनेरी शिक्का म्हणून. शिक्का खरा आहे. पण तो तिथल्या नोटरीची सही खरी आहे एवढंच सांगतो, पदवी खरी आहे असं नाही, आणि कागदावर खाली बारीक अक्षरात तसं छापलेलंही आहे. 11,000 देऊन मी एका नोटरीची सही खरी करून आणली. युनिव्हर्सिटी कुठल्या मान्य अ‍ॅक्रेडिटेशन, म्हणजे दर्जा तपासून मान्यता देणाऱ्या संस्थेच्या यादीत आहे ते अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या वेबसाइटवर फुकट बघता येतं, पाच मिनिटं लागतात. माझी नव्हती. तिला मान्यता देणारी 'कौन्सिल' होती, आणि कौन्सिलचा नि युनिव्हर्सिटीचा पत्ता एकच!

पोलीस ठाण्यात गेलो. साहेब म्हणाले, पैसे दिले, पदवी मिळाली, फसवणूक कुठाय? सर्टिफिकेट हातात आहे ना तुमच्या? मी म्हणलं ते खोटं आहे. मग तुम्ही दोन वर्षं नावापुढे लावलं ते काय होतं, आधी तुमच्यावरच घेऊ का? बाहेर बाकावरची माणसं हसली. तिथून सायबरला पाठवलं, सायबरवाले म्हणाले स्वखुशीने पेमेंट आहे, परत ठाण्यातच जा. दिल्लीच्या एका कार्यालयाला तीन मेल केले, तिसऱ्याला उत्तर आलं की संस्था परदेशी असल्याने विषय आमच्या अखत्यारीत नाही. परदेशी! हॉटेल हायवेवर, बाईंचं खातं पुण्यात, गाऊन भाड्याचा, परदेशी काय होतं त्यात, फॉन्ट? वकील म्हणाला केस टाकू, फी 30,000. म्हणलं नको.

आणि लक्षात ठेवा, खऱ्या विद्यापीठाने दिलेली मानद डी.लिट. असली तरी नावाआधी डॉ. लावायचं नाही असा संकेत आहे. आपलं कौतुक आपल्यालाच लिहून पाठवायला सांगितलं की फोन ठेवून द्या, मी चार पानं लिहून दिली होती.

आमच्या 64 जणांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप अजून आहे, म्हणजे होता. मी लिहिलं, सगळे मिळून तक्रार करू, एकट्याचं कुणी ऐकत नाही. दहा मिनिटांत अ‍ॅडमिनने मला काढलं. संध्याकाळी दोघांचे वेगळे मेसेज आले, एक त्या पार्लरवाल्या ताईंचा. दोघांचं म्हणणं एकच, सर तक्रार नक्की करा, फक्त यादीत आमचं नाव घालू नका.