भिंतीवरचा पावसाळी फिल्टर: टंचाईला कामाचा, पुराला नाही

2019 च्या पावसाळ्यात पेंचच्या धरणांत पाणीच उरलं नाही आणि नागपूरचे नळ दिवसाआड आले. 23 सप्टेंबर 2023 ला पहाटे काही तासांत 100 मिमीहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरांत शिरली. या दोन्हींवर उपाय म्हणून स्लॅबच्या पाइपवर बसणारा, पावसाचं पाणी जमिनीत मुरवण्याआधी गाळणारा जाळीचा फिल्टर विकला जातो. पहिल्या दुखण्याला तो खरंच चालतो.

रचना साधी. पाणी उभ्या गोल जाळीच्या कडेकडेनं उतरतं, गाळलेलं बाजूच्या तोंडातून निघतं, पानं-काड्या खालच्या तोंडातून पडतात. वीज नको, फिरणारा भाग नाही. मध्यम पावसात काम चोख. जोराची सर आली की मात्र बरंच पाणी न गाळताच खालून निघून जातं. 100 चौरस मीटर स्लॅबवर ताशी 50 मिमी म्हणजे मिनिटाला 80 लिटरच्या वर पाणी. कॅटलॉगमधल्या स्लॅबच्या आकड्यापेक्षा हा हिशेब विक्रेत्यापुढे ठेवा. पाइप दोन असतील तर फिल्टरही दोन.

फिल्टरच्या आधी बायपासचा कॉक हवाच. पहिल्या पावसाचे दोन मिमी, म्हणजे या स्लॅबचे 200 लिटर, सोडून द्यायचे. नवतपाभर, म्हणजे कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, साचलेली धूळ आणि कबुतरांची घाण पाण्यात मिसळते, ती जाळीला अडत नाही. फिल्टर हात पोचेल अशा उंचीवर बसवा. शिडी लागली की पहिल्या वर्षीच साफसफाई सुटते, आणि जाळी बुजली की सगळं पाणी खालच्या तोंडानं नालीत.

गाळलेलं पाणी थेट चालू बोअरमध्ये सोडू नये, प्लंबर कितीही म्हणो. आधी खड्डा: तळाला मोठे दगड, मध्ये गिट्टी, वर कन्हानची जाड रेती. वरचा रेतीचा थर दर उन्हाळ्यात खरवडून धुवायचा. खड्डा काळ्या मातीतच संपला तर पाणी दिवसेंदिवस तसंच उभं राहतं. ती फुगते आणि भेगा बंद करते. खाली मुरूम लागेपर्यंत खणावंच लागतं. खरा खर्च इथे आहे, फिल्टरमध्ये नाही.

आता पूर. 100 मिमी पावसात याच स्लॅबवरून सुमारे 10,000 लिटर उतरतात. दीड बाय दीड मीटरचा, दोन मीटर खोल, दगड-गिट्टीनं भरलेला खड्डा धरतो जेमतेम 1,800 लिटर. उरलेलं नालीतच जाणार. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्याची दोन मीटर व्यासाची विहीर तीन मीटर रिकामी असेल तर नऊ हजार लिटर घेईल, पण सप्टेंबरात विहिरी तशाही वर आलेल्या असतात.

नदीकाठच्या सखल लेआउटमध्ये तर उलटा धोका. खड्ड्याचा ओव्हरफ्लो नालीला जोडलेला असतो. नाली तुंबली की तेच गटाराचं पाणी मागे फिरून खड्ड्यात, तिथून बोअरमध्ये. ओव्हरफ्लोवर एकाच बाजूला उघडणारा व्हॉल्व्ह बसवा आणि बोअरचा केसिंग पाइप (तोंडाशी बसवलेला बाहेरचा पाइप) 2023 च्या पुराच्या खुणेपेक्षा दोन फूट वर घ्या. विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये या दोन गोष्टी नसतील तर आधी त्या लिहून घ्या, मग ॲडव्हान्स द्या.