पाठीवरचं बाळ: मेक्सिकोचा रेबोसो की पूर्व आफ्रिकेची कांगा?

दोन्ही कापडं बिनशिवणीची, एरवी अंगावर पांघरायची. पण बाळाचा भार वेगवेगळ्या जागी पेलतात.

रेबोसो साधारण 2 ते 3 मीटर लांब, टोकांना गाठींची झालर. तो एका खांद्यावरून तिरका घेऊन छातीपुढे गाठ मारतात. पाठीवरचं मूल न सोडता पुढे सरकवून अंगावर पाजता येतं, ही त्याची खरी कमाई. मात्र सगळं ओझं एकाच खांद्यावर येतं, म्हणून बाजू बदलत राहावी. रेशमी रेबोसोची गाठ निसटते. मुलासाठी सुतीच घ्यावा.

कांगा 19व्या शतकाच्या उत्तरार्धात पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली भाषक किनाऱ्यावर रुजली. सुमारे 150 बाय 110 सेंमी.चं छापील सुती कापड, जोडीनं विकलं जाणारं, त्यावर स्वाहिली म्हण. आई कंबरेत वाकते, बाळ पाठीवर पालथं घेते, वरचा काठ काखेखालून आणून छातीवर घट्ट बांधते, खालचा काठ बाळाच्या ढुंगणाखालून कंबरेशी. खांदे मोकळे राहतात. पण वरचा काठ सैल राहिला की बाळ मागे कलतं, खालचा निसटला की घसरतं.

मान न धरणाऱ्या तान्ह्यासाठी रेबोसोच बरा, तोही पुढे बांधून: चेहरा डोळ्यांसमोर राहतो, हनुवटी छातीला टेकून श्वास अडू लागला तर लगेच दिसतं.