लिंक्डइनवर लिहायचं की टोस्टमास्टर्सला जायचं? लीडच्या वाटेवर असाल तर माझा अनुभव

अप्रेझलमध्ये "काम चांगलंय, पण व्हिजिबिलिटी वाढव" हे ज्यांनी ऐकलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. आयटीत सिनियर होऊन काही वर्षं झाली, पुढची पायरी टीम लीडची, आणि मग विचारावं त्याच्याकडून दोनच सल्ले मिळतात, लिंक्डइनवर नियमित लिही नाहीतर टोस्टमास्टर्स जॉइन कर. मी आधी लिंक्डइन केलं, मग काही काळ दोन्ही चालू ठेवलं, आणि आता कुणी विचारलं तर माझं मत कुठे झुकतं ते खाली कळेलच. लिंक्डइन काय आहे हे तुम्हाला माहीत असणार; टोस्टमास्टर्स म्हणजे ठरलेल्या मीटिंगला भाषणं करून बोलण्याचा सराव करायचा आणि एकमेकांना सुधारणा सांगायच्या असे क्लब.

लिंक्डइनबद्दल आधी चांगलं, कारण ते खरंच आहे. वेळ आपल्या हातात असतो, रात्री जेवणं झाल्यावर लिहा, चार वेळा खोडा, सकाळी टाका. मराठी मीडियममधून आलेल्या माझ्यासारख्यांना याचा फार आधार वाटतो, इंग्रजी वाक्य तपासून बघता येतं, कॉलवर ती सोय नसते. रिक्रूटर तिथेच शोधतात, त्यामुळे नोकरी बदलायची असेल तर त्याला तोड नाही. मर्यादा ३००० अक्षरांची, त्यातल्या पहिल्या दोन-तीन ओळीच लोकांना आधी दिसतात, त्यामुळे मुद्दा वर आणायची चांगली सवय लागते, मला ती ईमेल लिहितानाही उपयोगी पडली.

पण मला जे खटकलं आणि ज्याच्यामुळे शेवटी माझा निर्णय झाला ते असं की माझं खरं काम मला तिथे लिहिताच येत नाही. सर्व्हिस कंपनी, क्लायंट बँकिंगमधला, एनडीए, म्हणजे गोपनीयतेचा करार, सही केलेला. एकदा मंथ-एंडच्या रात्री बॅच (एकामागोमाग आपोआप चालणारे प्रोग्राम, म्हणजे जॉब) अडकली, सुट्ट्यांच्या कॅलेंडरचं टेबल अपडेट झालेलं नव्हतं आणि जॉब पुढे सरकेना. ते शोधून काढलं आमच्या टीममधल्या सगळ्यात ज्युनियर मुलीने, आणि त्याच वेळी ब्रिज कॉलवर, म्हणजे अडचणीच्या वेळी सगळ्यांना जोडून घेतलेल्या कॉलवर, क्लायंटचा माणूस "हे कुणामुळे झालं" म्हणून नाव मागत होता. कुणाला उठवायचं, वर किती आणि कधी सांगायचं, त्या मुलीला कॉलवर आणायचं की तिला शांतपणे काम करू द्यायचं, लीडरशिप म्हणतात ती त्या रात्रीच्या त्या दोन-तीन तासांत होती. हे पोस्टमध्ये लिहायला बसलो तर क्लायंट काढा, बँक काढा, जॉब काढा, टेबल काढा, कारण ओळखणारे लगेच ओळखतात. सगळं काढून झाल्यावर उरलं काय तर संकटात शांत राहा आणि टीमवर विश्वास ठेवा. हे कुणीही लिहू शकतं, त्यासाठी ती रात्र जागायची गरज नाही. लाइक भरपूर आले पण मला वाईट वाटत राहिलं, कारण लोकांपर्यंत जे पोचलं त्यात आमचं असं काहीच नव्हतं.

तीच गोष्ट मी नंतर आमच्या कंपनीतल्या टोस्टमास्टर्स क्लबमध्ये सांगितली. क्लायंटचं नाव तिथेही घेतलं नाही, घ्यायचं नसतंच, पण समोर आमच्याच बिल्डिंगमधली माणसं होती, बॅच अडकणं म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागलं नाही. वेळ दाखवायला पाच मिनिटांना हिरवं कार्ड, सहाला पिवळं, सातला लाल, एवढ्यात सगळं बसवायचं. मग इव्हॅल्युएटर, म्हणजे भाषणावर अभिप्राय देणाऱ्या, उठल्या, फायनान्स डिपार्टमेंटच्या मॅडम, आणि म्हणाल्या की तुम्ही जॉब कसा सोडवला यावर जवळजवळ सगळा वेळ घेतलात आणि त्या मुलीचं नाव कॉलवर येऊ दिलं नाहीत हे एका वाक्यात उरकलंत, मला तर तेच ऐकायचं होतं. इतकं नेमकं मला कुठल्याच कमेंटमध्ये मिळालं नव्हतं. कमेंट करणाऱ्यांचा दोष नाही, चूक दाखवायची ती जागाच नाही.

आणि भाषण हा तर अर्धाच भाग झाला. क्लबमध्ये व्हीपी एज्युकेशनचं पद घेतलंत की दर मीटिंगला कोण बोलणार, कोण टायमर, कोण इव्हॅल्युएटर ही यादी तुम्ही भरायची. त्यातलं कुणीही तुम्हाला रिपोर्ट करत नाही, कुणाचं अप्रेझल तुमच्या हातात नाही, आणि मीटिंगच्या दिवशी दुपारी फोन येतो की आज डिप्लॉयमेंट आहे जमणार नाही. मग तुम्ही गोड बोलून, आधीच्या वेळची आठवण ठेवून, दुसऱ्याला तयार करता. लीड झाल्यावर दुसऱ्या टीमकडून काम काढून घ्यायचं असतं तेव्हा अगदी हेच लागतं. टेबल टॉपिक्सचंही तसंच, विषय आयत्या वेळी मिळतो आणि एक-दोन मिनिटं बोलायचं, क्लायंटने कॉलवर अचानक प्रश्न टाकल्यावर आता माझी पहिल्यासारखी तारांबळ उडत नाही.

पर्सनल ब्रँड म्हणाल तर माझ्यापुरतं तरी असं दिसलं की प्रमोशनच्या चर्चेत जे बसतात ते आपल्या ऑफिसमधले असतात. पुढे इन्फ्रा टीमबरोबरच्या (सर्व्हर-नेटवर्क सांभाळणाऱ्या) एका मायग्रेशनच्या कामाला माझं नाव सुचवलं गेलं, ते क्लबमध्ये मला ऐकलेल्या माणसाने.

टोस्टमास्टर्समध्ये कटकट नाही असं नाही. ठरलेल्या वेळी हजर राहावंच लागतं, घरी लहान मूल असेल तर ते सोपं नाही. सहा महिन्यांची मूळ वर्गणी ऑक्टोबर २०२३ पासून ६० डॉलर झालीय, कंपनी भरत नसेल तर ती जाणवते. फ्रीलान्सिंग करायचं असेल, लवकरच कंपनी बदलायची असेल किंवा तुमच्या कंपनीत कामाबद्दल मोकळेपणी लिहायला परवानगी असेल तर लिंक्डइनच आधी करा, तिथे माझा अनुभव कदाचित लागू होणार नाही.

बाकीच्यांनी प्रोफाइल तेवढं अपडेट ठेवावं आणि एखाद्या क्लबला गेस्ट म्हणून दोन मीटिंगा बसून बघाव्यात, त्याचे सहसा पैसे घेत नाहीत. कंपनीत क्लब नसेल तर पुण्या-मुंबईत शनिवार-रविवारी भरणारेही आहेत, फक्त तिथे ऑफिसमधली ओळख वाढायचा फायदा मिळणार नाही. भाषणांपेक्षा इव्हॅल्युएशन नीट ऐका. सगळ्यांना नुसतं "छान झालं" म्हणून बसवत असतील तर दुसरा क्लब शोधा.