दिवाळीची सजावट: दरवर्षी नवी, की एकदाच घेतलेली?

नवरात्र संपलं की बाजारात दोन प्रकारचा माल शेजारी शेजारी मांडलेला दिसतो. एकीकडे बांबूच्या काड्यांचे कागदी कंदील, मातीच्या पणत्या, झेंडूच्या राशी. दुसरीकडे घडीचे कापडी कंदील, एलईडीच्या माळा, खोट्या झेंडूची तोरणं, ॲक्रिलिकच्या रांगोळ्या. पाडव्याला आणि भाऊबीजेला माणसं येणार आहेत, हाताशी वेळ थोडा आहे आणि काय घ्यावं ते ठरत नाही, अशांसाठी हे लिहितोय. माझा निकष एकच: वस्तू एक तर सण उरकला की मातीत जाणारी हवी, नाही तर निदान आठ-दहा दिवाळ्या काढणारी. मधला माल घेऊ नये. त्याचा रंग दोन वर्षांत उडतो, टाकवत मात्र नाही, आणि तो माळ्यावर जागा अडवून बसतो.

कंदील: कागदी की कापडी?

देखणेपणात कागदी कंदिलाला तोड नाही. पतंगी कागदातून उजेड जसा पाझरतो तसा कापडातून येत नाही. त्याचं वाकडं फक्त पावसाशी. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे, पण एखादी चुकार सर दिवाळीतही गाठते. तेव्हा आधी कॅलेंडर बघा. अधिक महिन्याच्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरात सरकते. अशा वर्षी, किंवा गॅलरीवर छज्जा असेल तर, कागदी कंदील बिनधास्त लावा. ऑक्टोबरातली दिवाळी आणि उघडी गॅलरी असेल तर विचार करा.

कागदी कंदील दरवर्षी टाकावा लागतो, हाही गैरसमजच. बांबूचा सांगाडा पक्का बांधलेला असेल तर त्रिपुरी पौर्णिमेनंतर कागद फाडून नुसता सांगाडा ठेवून द्या. पुढल्या वर्षी मैद्याची खळ, नवा कागद आणि नव्या शेपट्या. घरात शाळकरी मुलं असतील तर त्यांची एक दुपार त्यात मजेत जाते. तेवढी हौस नसेल तर तयार घ्या. मुंबईकरांना माहीमची कंदील गल्ली आहेच.

कापडी कंदिलाची खरी सोय म्हणजे तो घडी होऊन कपाटात सपाट बसतो. खणाचे, पैठणीच्या काठाचे सुंदर मिळतात. घेताना दोन गोष्टी बघा. काठ शिवलेला आहे की चिकटवलेला? चिकटवलेला असेल तर तो वर्षभरात सुटू लागतो. दुसरं, दुकानातच मोबाइलची बॅटरी आत धरून बघा. जाड कापडातून उजेड बाहेर येतच नाही, सगळा खालून जमिनीवर पडतो. प्लॅस्टिकचा कंदील पावसात टिकतो, पण उन्हात विटतो. तोच तो मधला माल. थर्माकोलच्या सजावटीवर तर राज्यात २०१८ पासून बंदी आहे.

बल्ब कोणत्याही कंदिलात एलईडीचाच लावा. जुना पिवळा बल्ब तापतो आणि कागद करपवतो. वसुबारसेपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत ९ वॅटचा बल्ब रोज सहा तास जळला तरी सगळी मिळून वीज जेमतेम एक युनिट. बिलाची काळजी करून आठ वाजताच कंदील मालवणाऱ्यांसाठी हा हिशेब दिला.

पणत्या की माळा?

इथे मी दोन्हींच्या बाजूने आहे, पण जागा वाटून. पणतीला माणूस लागतो. ती भरावी लागते, वात सारावी लागते, वाऱ्यात पुन्हा लावावी लागते. पाहुण्यांच्या हातात फराळाच्या बश्या देता देता खिडकीतल्या वीस पणत्या सांभाळणं कोणाला जमत असेल तर त्यांना नमस्कार. म्हणून खऱ्या पणत्या उंबऱ्याशी दोन, तुळशीपाशी एक आणि देवापुढे. ग्रिलवर माळ.

नव्या पणत्या आदल्या दिवशी पाण्यात बुडवून ठेवा आणि मग वाळवा, म्हणजे कोरडी माती तेल पीत नाही. खाली ताटली ठेवा, कारण फरशीवरचा तेलाचा डाग पुढच्या दिवाळीपर्यंत सोबत करतो. पडदा, ओढणी आणि खोट्या फुलांचं तोरण यांपासून पणती लांब हवी. लहान मूल किंवा मांजर घरात असेल तर उंबऱ्याची पणतीही कोनाड्यात चढवा.

माळ घेताना स्थिर पिवळसर उजेडाची घ्या. लुकलुकणाऱ्या रंगीत माळेखाली बसून तासभर गप्पा मारून बघा, डोकं धरतं. अगदी स्वस्त माळेचा एक तुकडा बंद पडला की ती दुरुस्त करायला कोणी घेत नाही. थोडे जास्त पैसे घाला आणि दुकानात पूर्ण लावून बघूनच आणा.

तोरण आणि रांगोळी

तोरणाबद्दल फार बोलायला नको. खरा झेंडू आणि आंब्याची पानं. सणाच्या तोंडावर झेंडूचा भाव चढतो हे खरं, पण दारापुरता असा लागतो किती? सुई-दोरा घेऊन आदल्या रात्री ओवा. दोन-तीन दिवस छान राहतं, मग कुंडीत टाका. खोटा झेंडू धूळ धरतो आणि त्याला वास नसतो. कायमचंच हवं असेल तर मण्यांचं किंवा क्रोशाचं विणलेलं तोरण घ्या, ते धुता येतं.

रांगोळीचं उत्तर मात्र दारासमोरच्या जागेवर ठरतं. बैठं घर किंवा रुंद ओटा असेल तर हाताने काढलेलीच. ठिपके जुळत नसतील तर छापाने काढा, त्यात कमीपणा नाही. पण चार बिऱ्हाडांच्या अरुंद पॅसेजमध्ये, जिथे पाहुण्यांच्या चपला रांगोळीवरच उतरतात, तिथे ॲक्रिलिकच्या सुट्या पाकळ्या समंजस ठरतात: मांडा, उचला, डब्यात भरा. चिकटवायचे स्टिकर मात्र नकोत, निघताना अर्धे फरशीवरच राहतात.

फराळाचं उत्तर हाताशी वेळ किती त्यावर ठरतं: चिवडा घरी करा, अनारसे विकत आणा. चिवडा तासाभरात होतो. अनारशाला तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, आणि एवढं करून तुपात सोडल्यावर ते हसतात, म्हणजे फुटून विखुरतात, ते वेगळंच.

परदेशात असाल तर गणित थोडं बदलतं. लंडनला किंवा न्यू जर्सीत दिवाळीच्या दिवसांत अंधार लवकर पडतो आणि दारं बंदच असतात. कंदील बाहेर टांगण्यापेक्षा रस्त्याकडच्या खिडकीत आतून लावा, तिथून तो जास्त दिसतो. भाड्याच्या घरात उघड्या ज्योतीला परवानगी आहे का ते करारात बघा; नसेल तर बॅटरीच्या पणत्या. आणि चकल्या तळायच्या त्या पाहुणे यायच्या आदल्या दिवशी, एक्झॉस्ट लावून, खिडकी उघडून. धुराचा अलार्म भाजणीचा घाणा आणि आग यांत फरक करत नाही.