स्थलांतर: मजुरीतील तफावत की दुभंगलेला श्रमबाजार?

माणसे कामासाठी देश का सोडतात, याचे एक उत्तर मजुरीतील तफावतीकडे बोट दाखवते: जिथे मिळकत जास्त तिकडे ओढा, आणि कामगार वाढले की तफावत हळूहळू मिटेल. अमेरिकी अर्थतज्ज्ञ मायकेल पिओरे यांनी १९७९ मध्ये सविस्तर मांडलेले दुसरे उत्तर श्रमबाजाराच्या आतली भिंत दाखवते: भिंतीच्या अलीकडे बढती आणि निवृत्तिवेतनाच्या कायम नोकऱ्या, पलीकडे आज आहेत तर उद्या नाहीत अशी कामे, जी स्थानिक कामगार कमी मजुरीइतकीच कमी प्रतिष्ठेमुळेही नाकारतात. मला दुसरे अधिक पटते. पदवीला मान्यता न मिळालेली प्रशिक्षित परिचारिका रुग्णालयात वर्षानुवर्षे फरशीच का पुसत राहते, याचा उलगडा पहिल्याने होत नाही. घर सोडण्याचा निर्णय मात्र पहिलेच अधिक नेमका समजावते.